दोष वरच्याचा, बदलला खालचा

गाडीच्या क्लचवर आम्ही लेख लिहितो आहोत हे पाहून आमच्या नेहमीच्या वाचकांना आश्चर्य वाटेल. चळवळीचे विषय संपले काय, असेही कोणी विचारील. विषय संपलेले नाहीत. किंबहुना सोनईच्या एका गॅरेजात ३१ डिसेंबर २०२२ च्या रात्री जे घडले, ते आम्ही आतापर्यंत लिहिलेल्या बऱ्याच विषयांना लागून आहे, आणि त्यात आमची स्वतःची चूकही आहे. ती लपवून बाकीचे लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आमची गाडी म्हणजे एक जुनी टाटा सुमो. ती कोणा एकाची नाही, वर्गणीची आहे. शिबिरे, मोर्चे, कोर्टाच्या तारखा, रात्री-अपरात्री दवाखाना, सगळे तिच्यावरच. (सुमो हे नाव जपानी पैलवानावरून आले असे पुष्कळांना वाटते. ते टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावातल्या अक्षरांवरून ठेवलेले आहे. १९९४ साली ती बाजारात आली. कारखान्यात ती जोडणाऱ्यांच्या नावांवरून कोणी गाडीचे नाव ठेवल्याचे आमच्या ऐकिवात नाही, पण तो वेगळा लेख होईल.)

दुसऱ्या दिवशी १ जानेवारी. भीमा कोरेगावला जायचे होते. १८१८ च्या लढाईचा तो दिवस, आणि १९२७ साली याच तारखेला बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले होते. परंतु आमच्या नगर जिल्ह्यात १ जानेवारीला आणखी एक अर्थ आहे, आणि तो अभिमानाचा नाही. १ जानेवारी २०१३ रोजी याच सोनईत मेहतर समाजाच्या तीन तरुणांची हत्या झाली. ते एका शिक्षणसंस्थेत सफाईचे काम करीत. त्यांच्यापैकी एकाचे वरच्या मानलेल्या जातीतील मुलीवर प्रेम होते. सरकार पक्षाने न्यायालयात मांडल्याप्रमाणे, त्यांना बोलावून नेताना सांगितले गेले की संडासाच्या टाकीचे काम आहे, चला. खटला नगर जिल्ह्यातून नाशिकला हलवावा लागला. जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली आणि पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. दहा वर्षे पूर्ण होत होती, म्हणून आदल्या संध्याकाळी सोनईत थांबायचे, तिथल्या कार्यकर्त्यांना भेटायचे, रात्री मुक्काम करायचा आणि पहाटे नगरमार्गे कोरेगावला निघायचे असे ठरले होते. गाडीत आम्ही आठ जण. त्यात सत्तरीच्या दोन मावश्या होत्या.

राहुरी सोडल्यापासूनच क्लचने त्रास द्यायला सुरुवात केली. पायडल दाबले की ते मऊ लागे, लोण्यात पाय घातल्यासारखे. गिअर टाकताना खर्रर्र आवाज. रिव्हर्स तर पडेचना. तीन-चार वेळा भराभर पायडल मारले की गिअर पडायचा, पण पुन्हा थांबावे लागले की पहिल्यासारखेच. आणि थांबावे तर पावलोपावली लागत होते. शनिवार, त्यात वर्षाचा शेवटचा दिवस. शिर्डीहून शनिशिंगणापूरला जाणाऱ्या गाड्यांची रीघ याच रस्त्याने. साखर कारखान्याचा हंगाम जोरात, त्यामुळे उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यावर मोठ्याने लावलेली गाणी. मूळा कारखान्याच्या अलीकडे एका ट्रॉलीमागे थांबलो आणि पायडल जे खाली गेले ते वर आलेच नाही. बोटांनी ओढून वर आणावे लागले. शेवटी इंजिन बंद केले, पहिला गिअर टाकला, तसाच स्टार्टर मारला, आणि धक्के खात गाडी सोनईत आणली. असे फार करू नये, स्टार्टरवर ताण येतो आणि पुढे कोणी उभे असेल तर गाडी थेट त्याच्या अंगावर जाते. पण अडल्या वेळी माणूस करतो.

आता इथे थोडे मागे जाणे भाग आहे. दोन महिन्यांपूर्वी हीच तक्रार घेऊन आम्ही दुसऱ्या एका गावातल्या मोठ्या गॅरेजात गेलो होतो. तिथल्या मिस्त्रीने गाडीखाली डोकेही न घालता सांगितले, ‘स्लेव्ह गेला.’ स्लेव्ह सिलिंडर बदलला, नवे ऑइल भरले, हवा काढली, पैसे घेतले. गाडी बरी चालली. वर त्याने सल्ला दिला की पुन्हा त्रास झाला तर क्लच प्लेटचा पूर्ण संच टाका, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. आम्ही मान डोलावली. न तपासता सांगितलेले निदान आम्ही न विचारता स्वीकारले. जातीव्यवस्थेवर बोलताना आम्ही लोकांना सांगतो की प्रश्न विचारा, कोणी सांगितले म्हणून मानू नका. गॅरेजात गेल्यावर मात्र आम्ही यजमान होतो आणि मिस्त्री भटजी.

ज्यांना गाडीतले कळत नाही अशा वाचकांसाठी (आम्हीही त्यांच्यातलेच होतो) थोडे सविस्तर सांगतो. क्लचचे काम एवढेच की इंजिन फिरत असताना गिअरबॉक्सला काही क्षण त्यापासून मोकळे करायचे. मोकळे झाल्याशिवाय गिअर बदलता येत नाही. पायडल दाबले की त्याच्या मागे असलेल्या मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ऑइलला ढकलतो. ते ऑइल बारीक नळीतून खाली गिअरबॉक्सच्या बाजूला लावलेल्या दुसऱ्या सिलिंडरमध्ये जाते. त्याचा दट्ट्या बाहेर सरकतो, फोर्कला ढकलतो, फोर्क बेअरिंगला, बेअरिंग प्रेशर प्लेटला, आणि प्लेट सुटते. द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो. खालचा सिलिंडर जाडीला मोठा असला की जोर वाढतो आणि सरकणे कमी होते. या सगळ्याला एकच अट आहे: मध्ये हवा नको आणि गळती नको. द्रव दबत नाही, हवा दबते. नळीत हवेचा बुडबुडा असला तर तुमच्या पायाचा सगळा जोर त्या बुडबुड्याला दाबण्यात जातो. खाली काहीच पोचत नाही.

या दोन सिलिंडरांची नावे मास्टर आणि स्लेव्ह. मालक आणि गुलाम. रोज शेकडो गॅरेजांत हे शब्द उच्चारले जातात आणि कोणाच्या मनाला काही वाटत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहून ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. त्या महाराष्ट्रात एक यंत्र राजरोस दुसऱ्याला गुलाम म्हणून विकले जाते. जगात यावर वाद झालेले आहेत. २००३ साली लॉस एंजेलिस परगण्याच्या प्रशासनाने पुरवठादारांना पत्र लिहून उपकरणांवर हे शब्द वापरू नका असे कळवले, तेव्हा त्यांची बरीच टिंगल झाली. पुढे २०१८ मध्ये पायथॉन या संगणकभाषेतून हे शब्द काढले गेले. काही मोटार कंपन्यांच्या पुस्तकांत खालच्या सिलिंडरला ‘रिलीज सिलिंडर’ म्हणतात, म्हणजे सोडवणारा. कामाच्या दृष्टीने हेच नाव खरे आहे, कारण प्लेटला सोडवतो तो तोच.

नावाने काय फरक पडतो, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. १९३८ साली मुंबईच्या कायदेमंडळात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रश्न आला तेव्हा बाबासाहेब आणि त्यांच्या पक्षाचे सभासद निषेध म्हणून सभागृहातून बाहेर पडले होते. तेव्हा नावाने फरक पडतो. परंतु गोड नाव देऊन खालच्याला खालीच ठेवायचे, हाही डाव त्याच प्रसंगाने उघडा केला. त्यामुळे आम्ही नावावर थांबत नाही. बिघाड झाला की दोष कोणावर येतो, हे आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते.

सोनईतले गॅरेज लहान होते. पत्र्याचे छप्पर, दारावर लिंबू-मिरची, शेजारी वेल्डिंगचे दुकान. मिस्त्री साठीचे, शांत माणूस. त्यांच्या हाताखाली एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा. मिस्त्रींनी आमची कहाणी ऐकली, स्लेव्ह दोनच महिन्यांपूर्वी बदलला म्हटल्यावर म्हणाले, ‘मग प्लेटच असंल. आज काही होत नाही. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे उद्याचा दिवस गेला.’ आमच्यात कुजबुज सुरू झाली. दुसरी गाडी भाड्याने मिळेल का, मावश्यांना एसटीने पाठवावे का. एवढ्यात तो मुलगा गाडीखालून बाहेर आला आणि म्हणाला, ‘चाचा, खाली एक थेंब न्हाई. वरचा बघू का?’

मिस्त्री काही बोलण्याआधी आमच्यातलेच एक ज्येष्ठ बोलले. चाळीस वर्षे चळवळीत असलेला हा माणूस, व्यासपीठावर उभा राहिला की सभा गोळा होते. ते म्हणाले, ‘अरे बाळा, मोठी माणसं बोलतायत ना.’ आणि पुढे, सवयीने म्हणा, गप्पा मारायच्या म्हणून म्हणा, ‘तुझं नाव काय? आडनाव काय?’

मुलाने नाव सांगितले. आडनाव सांगितले नाही. ‘आडनावाचं काय करता, गाडी नीट करायचीय ना,’ असे हसत म्हणून तो पुन्हा खाली सरकला.

वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. महाराष्ट्रात आडनाव विचारणे म्हणजे काय विचारणे असते हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. भाड्याची खोली शोधताना, नोकरीच्या मुलाखतीत, लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न आपल्याला टोचलेला आहे. तो प्रश्न आम्ही विचारला, आणि तो सोनईत, ३१ डिसेंबरच्या रात्री विचारला. मुलगा कोणत्या जातीचा आहे हे आम्हाला आजही माहीत नाही. आपला असेल म्हणून त्याने लपवले असेल, किंवा आपला नसेल आणि गाडीवरचा निळा झेंडा पाहून संकोचला असेल, किंवा त्याला खरेच कामाची घाई असेल. तिन्ही शक्यतांत आम्हीच उघडे पडतो. तोंड लपवायला जागा नव्हती. ज्येष्ठांच्याही लक्षात आले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मावशींनी तिढा सोडवला. त्या म्हणाल्या, ‘बघू द्या की पोराला. बघायला काय पैसे पडत्यात?’

मग त्याने जे केले ते आम्ही क्रमाने सांगतो, कारण दोन महिन्यांपूर्वी कोणी हे केले असते तर ही रात्र आलीच नसती.

आधी टाकी पाहिली. ऑइल जिथल्या तिथे. म्हणजे बाहेर गळती मोठी नाही. मग पायडलच्या मागे, जिथून मास्टरचा दांडा आत जातो, तिथे बोट फिरवून पाहिले; कोरडे. गाडीखाली स्लेव्हचे रबरी टोपण मागे सरकवून पाहिले; तेही कोरडे. आम्ही म्हणालो, मग प्लेटच. तो म्हणाला, प्लेट संपली तर गाडी ओढत नाही, इंजिन नुसते ओरडते, चढाला जास्त कळते. तुमची गाडी ओढते का? ओढत होती. राहुरीपासून आठ माणसे घेऊन आली होती. तुमचा त्रास गिअर पडत नाही हा आहे, म्हणजे प्लेट सुटत नाही. प्लेट धरत नाही हा एक आजार, सुटत नाही हा दुसरा. एवढा साधा भेद आम्हाला कोणी सांगितला नव्हता आणि आम्हीही कोणाला विचारला नव्हता.

यानंतरची परीक्षा निर्णायक होती. त्याने ज्येष्ठांनाच सीटवर बसवले (हे मुद्दाम केले की नाही, देव जाणे, म्हणजे आमच्यात देव नाही, पण म्हण आहे) आणि स्वतः टॉर्च घेऊन खाली झोपला. ‘पायडल तीनदा मारा आन् दाबून धरा. सोडू नका.’ आम्हीही वाकून पाहिले. स्लेव्हचा दांडा बाहेर सरकला, फोर्क हलला. सगळे ठीक. पण वर पाय दाबलेलाच असताना तो दांडा हळूहळू, मुंगीच्या पावलाने, मागे यायला लागला. दहा-पंधरा सेकंदांत पार आत. वर पायडल त्याच वेळी तळाकडे बुडत होते. बाहेर एक थेंब नाही, टाकीतले ऑइल कमी नाही, तरी दाब टिकत नाही. याचा अर्थ एकच. मास्टरच्या आतल्या दट्ट्यावरचे रबर झिजले आहे आणि ऑइल त्याच्या कडेने गुपचूप परत टाकीत जाते आहे. बाहेरून सगळे कोरडे आणि स्वच्छ, आतून गळती.

मिस्त्रींनीही वाकून पाहिले. त्यांचा मोठेपणा असा की ते लगेच म्हणाले, ‘बरोबर हाय. वरचाच गेलाय.’ आमच्या कित्येक नेत्यांना हे एवढे वाक्य जन्मभर जमत नाही.

दोष वरच्याचा होता. बदलला गेला खालचा. का? एक कारण अगदी साधे आहे. आमच्या गाडीत खालचा सिलिंडर बाहेरून लावलेला असतो, दोन बोल्ट काढले की हातात येतो. (काही नव्या गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या आत बेअरिंगभोवतीच बसवलेला असतो, मग त्याला हात लावायचा तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.) वरच्यापर्यंत पोचायचे तर डॅशबोर्डखाली मान वाकडी करून शिरावे लागते. जो हाताला लागतो त्याच्यावर खापर. चिखलात, धुळीत, उष्णतेत राहणारा तो, म्हणून बिघडला असेल तर तोच बिघडला असणार असे आधीच धरून चालायचे. नवे ऑइल भरून हवा काढली की थोडे दिवस बरे वाटते, त्यामुळे निदान बरोबर होते असाही समज होतो. शाळेतून मुले गळाली की मुलांनाच अभ्यास नको. गटारात माणूस मेला की त्यानेच काळजी घेतली नाही. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे, तो त्या वर्षी ६ डिसेंबरला लागू झाला. सोनईची हत्या त्याच वर्षीच्या पहिल्या दिवशीची. संडासाच्या टाकीचे काम आहे म्हटल्यावर ते तरुण गेले, कारण जन्माने ते काम त्यांच्याच वाट्याला ठेवलेले होते. दुसऱ्या कोणाला तसे बोलावले असते तर त्याला संशय आला असता.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि कधीच न झालेल्या भाषणात दाखवून दिले की जात कामे वाटत नाही, काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते. त्याआधी मुंबईच्या गिरण्यांत त्यांनी हे डोळ्यांनी पाहिले होते. कापड विणण्याच्या खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नाही. कारण कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेल्या धाग्याने इतर कामगार बाटत. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. मजुरांची एकजूट म्हणणाऱ्यांना तो नको होता. यंत्र आले म्हणजे जात जाते असे मानणाऱ्यांनी ही गिरणीची गोष्ट विसरू नये. पण दुसरी बाजूही आहे. मोटार गॅरेजचे काम हे कोणत्याच पोथीत कोणत्याच जातीला वाटून दिलेले नाही. म्हणून तिथे मिस्त्री एका धर्माचा, पोऱ्या आडनाव न सांगणारा आणि वेल्डर तिसऱ्याच गावचा असू शकतो. तिथे पाना कोणाच्याही हातात जातो. एवढ्यापुरते ते गॅरेज आमच्या पुष्कळ सभागृहांपेक्षा पुढे आहे असे आम्हाला वाटले.

रात्रीचे पावणेआठ. आमच्यातले दोघे मिस्त्रींची मोटारसायकल घेऊन घोडेगावमार्गे नगरला सुटले. ओळखीच्या दुकानदाराला फोन करून दुकान उघडे ठेवायला सांगितले होते. कोणीतरी म्हणाले, शनिवारी लोखंड आणि तेल विकत घेऊ नये म्हणतात. दोन्ही घ्यायची होती. मावशी म्हणाल्या, ‘तिकडं शिंगणापुरात एवढं तेल दगडावर चाललंय, आपण अर्धा लिटर नळीत घातलं तर काय बिघडतं?’

साडेदहाला माल आला: नवा मास्टर आणि ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा. सीलबंद यासाठी की हे ऑइल हवेतली ओल शोषते. उघडा पडलेला डबा पुन्हा वापरू नये. त्याच ओलीने सिलिंडर आतून गंजतो, गंजाचे खड्डे पडतात आणि ते रबर कापतात. नुसते रबराचे किट टाकून भागेल का, असे आम्ही विचारले होते. आतली भिंत गुळगुळीत असेल तर भागते, खड्डे असतील तर नवे रबरही महिन्या-दोन महिन्यांत जाते. त्यामुळे पूर्ण सिलिंडरच आणला. आणि या टाकीत चुकूनही इंजिनचे ऑइल घालायचे नाही. रबर फुगते आणि दोन्ही सिलिंडर एकदमच निकामी होतात.

जुना मास्टर काढताना खाली फडकी पसरली, कारण हे ऑइल रंग खाते. सांडले तर लगेच पाण्याने धुवायचे. नवा बसवण्याआधी मुलाने तो पकडीत धरून, ऑइल भरून, दट्ट्या हाताने हळूहळू दाबून आतले बुडबुडे काढले. नळीची नट आधी बोटांनी फिरवली, मग पाना लावला. आटे वाकडे गेले तर नळीच जाते. पायडल आणि दांडा यांच्यात थोडी मोकळीक ठेवली. ती ठेवली नाही तर दट्ट्या पूर्ण मागे येत नाही, दाब अडकून राहतो आणि प्लेट घसरायला लागते.

मग हवा काढणे. या कामाला दोन माणसे लागतात, एक वर आणि एक खाली. स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवले. वर पुन्हा ज्येष्ठ. खालून आवाज यायचा, ‘दाबा!’ वरून, ‘दाबलं.’ ‘धरा!’ निपल उघडायचा, बुडबुडे निघायचे, निपल बंद. ‘सोडा.’ मिस्त्री टाकीवर लक्ष ठेवून ऑइल घालत होते, कारण टाकी रिकामी झाली की पुन्हा हवा आत. असे दहा-बारा वेळा झाले. बुडबुडे जवळजवळ थांबले होते आणि तेवढ्यात खालून ‘सोडा’ येण्याआधीच ज्येष्ठांनी पाय उचलला. निपल उघडाच होता आणि नळी नेमकी बाटलीतल्या ऑइलच्या वर आलेली. भस्सकन हवा आत ओढली गेली. सगळे पुन्हा पहिल्यापासून.

मुलगा रागावला नाही. खालूनच म्हणाला, ‘काका, मी सांगितल्याबिगर पाय उचलू नका.’

‘नाही उचलत,’ ज्येष्ठ म्हणाले. आणि मग, बऱ्याच वेळाने, ‘मघाशी चुकलं माझं.’

खालून काही उत्तर आले नाही. फक्त ‘दाबा’ आले.

साडेबाराला पायडल टणक झाले. इंजिन चालू करून रिव्हर्स टाकला, आवाज न होता पडला. दाबून धरले, मिनिटभर धरले, बुडाले नाही. नवे वर्ष लागून अर्धा तास झाला होता आणि ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. मजुरी मिस्त्रींनी सांगितली ती आम्हाला कमी वाटली म्हणून जास्त देऊ लागलो, त्यांनी घेतली नाही. मुलाच्या हातात वेगळे दिले, ते त्याने मिस्त्रींकडे पाहून मग घेतले.

सकाळी निघालो. नगर-पुणे रस्त्यावरच्या त्या गर्दीचे वर्णन करीत नाही, जे जातात त्यांना माहीत आहे. शिरूरच्या पुढे वाहने वळवलेली, कोसकोस रांगा, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच तासन् तास. दर दहा फुटांवर क्लच. पायडल एकदाही मऊ पडले नाही. मावश्यांनी स्तंभापाशी जाऊन फुले वाहिली.

परतताना २ जानेवारीला सोनईत थांबलो. मुलाने जुना मास्टर आमच्याकडून मागून घेतला होता. कशाला, हे तेव्हा कळले नव्हते. त्याने तो हॅक्सॉने उभा कापला होता आणि फडक्यावर मांडून ठेवला होता. आतल्या भिंतीवर एका बाजूला मोहरीएवढे तीन-चार खड्डे होते, आणि रबराच्या ओठाला नेमकी तिथेच चीर. त्याने आम्हाला त्या खड्ड्यावरून नख फिरवून पाहायला सांगितले. नख अडकले.

तो आयटीआयला आहे, सकाळी तिथे आणि दुपारनंतर गॅरेजात, असे तेव्हा समजले. त्याच्याजवळ हायड्रॉलिक्सचे एक इंग्रजी पुस्तक होते. त्यातली चित्रे त्याला कळत होती, मजकूर अडत होता. ‘तुमच्या गाडीत पुस्तकांची पेटी हाय ना,’ तो म्हणाला, ‘ह्याच्यावर मराठीत एखादं असंल का?’

पेटीत दीडशे पुस्तके होती. फुले होते, बाबासाहेबांचे खंड होते, शाहू महाराजांवर होते, बुद्धावर होते. त्याने मागितलेले नव्हते. तरी आमच्यातल्या एकाने मागचे दार उघडून, वाकून, बराच वेळ शोधल्यासारखे केले.